जाळता न येणारा रोखा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या गावी बाजारासाठी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद 'दख्खनचे दंगे' अशी होते. दंगा म्हटले की लूट आणि खून डोळ्यांपुढे येतात. पण या लोकांनी प्रामुख्याने मागितले ते कागद. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे. ते मिळाले तिथे त्यांची होळी केली, आणि कागद मुकाट्याने हवाली झाले तिथे बहुतेक वेळा पुढे काही न करता लोक पांगले. आपल्या दैन्याचे मूळ एका मजकुरात आहे, हे अक्षरशत्रू म्हणवल्या गेलेल्या माणसांनी नेमके ओळखले होते.

आज महाराष्ट्रातला छोटा दुकानदार, रिक्षावाला किंवा पगारदार फोनवरून कर्ज घेतो तेव्हा जाळण्यासारखा कागदच कुणाकडे नसतो. रोखा मात्र नाहीसा झालेला नाही. तो लांबला आहे, बारीक अक्षरांत गेला आहे, आणि कर्जदाराला न दिसणाऱ्या अनेक जागी एकाच वेळी वास करतो आहे. वित्त-तंत्रज्ञानाने कर्जव्यवहार कसा बदलला, याची चर्चा सहसा वेग, व्याप्ती आणि थकबाकी या अंगांनी होते. या लेखात मला ती मजकुराच्या अंगाने करायची आहे. मी अर्थशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. मोडी शिकलो ती जुनी खते वाचता यावीत म्हणून, आणि गेली काही वर्षे त्याच सवयीने फोनवरचे कर्जाचे करार वाचतो आहे. दोन्ही वाचून झालेले माझे मत असे, की कर्जाचा वेग बदलला, सावकाराचा चेहरा बदलला. पण कर्जाच्या मजकुरात बोलतो एक आणि लिहितो दुसराच, ही जुनी गोष्ट बदललेली नाही. आणि आजची सगळी कायदेशीर सुरक्षा वाचण्यावर उभी असल्यामुळे ही गोष्ट पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

१. लिहून देणार

जुन्या मराठी दस्तऐवजात दोन पक्ष असतात: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. ही शब्दयोजना आजही खरेदीखतात टिकून आहे. कर्जरोख्यात लिहून देणार म्हणजे ऋणको. मजकूर त्याच्या तोंडी असतो: अमुक गावचा अमुक, मी तुमच्यापासून इतके रुपये कर्ज घेतले, त्याचे व्याज इतके, मुदत इतकी, ती टळल्यास अमुक जमीन, अमुक बैल. 'लिहून देतो ऐसा जे' अशा ठराविक वळणाने तो बोलतो. प्रत्यक्षात लिहिणारा सावकार, त्याचा गुमास्ता किंवा गावचा कुलकर्णी असे. शेवटी साक्षीदारांची नावे, लिहिणाराचे नाव, आणि लिहून देणाऱ्याची निशाणी. कुणब्याची निशाणी नांगराची.

हा नांगर मला नेहमी थांबवतो. तो माणूस काय करतो हे त्या चिन्हातून कळते. काय कबूल करतो आहे हे त्याला कळले होते की नाही, ते कळत नाही. व्याकरणाने पाहिले तर संपूर्ण मजकूर प्रथमपुरुषी आहे, आणि त्या मजकुरात स्वतःच्या हाताने 'मी'ने काढलेले एवढे एकच चिन्ह आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कर्जदाराला दिलासा देण्याचा होता. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहवून घेई आणि थकलेले व्याज नव्या रोख्याचे मुद्दल होई. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव युद्ध संपल्यावर कोसळला, शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, आणि नव्या रोख्यांची ही साखळी वाढत गेली. प्रत्येक नव्या खतात 'मी इतके रुपये घेतले' असे कर्जदार सांगत होता. त्यांतले बरेचसे रुपये त्याने कधी पाहिलेही नव्हते. जोतीराव फुल्यांच्या १८८३ मधल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लेखणी हातात असलेल्यांविषयी जो संताप आहे, त्याची पार्श्वभूमी हीच आहे.

आता फोनवरचा करार पाहा. 'मी याद्वारे संमती देतो', 'मी जाहीर करतो', 'मी समजून घेतले आहे', 'मी अधिकार देतो'. पुन्हा तोच उसना 'मी'. साक्षीदार गेले, लिहिणाराचे नाव गेले. नांगराच्या जागी सहा आकडी ओटीपी आला. नांगराने निदान माणसाची जात-व्यवसायाची ओळख सांगितली. ओटीपी एवढेच सांगतो, की त्या घटकेला हा फोन कुणाच्या तरी हातात होता. पूर्वी खत वाचून दाखवणारा खोटे वाचू शकत असे, पण त्याला तोंड उघडावे तरी लागे, आणि ऐकणारे चार जण ओसरीवर असत. पडद्यावरचा करार कुणी वाचून दाखवत नाही. तो पुढे सरकवायचा असतो. मजकुराच्या तळाशी पोचल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळत नाही, अशी सोय काही ठिकाणी पाहिली. पण तळ गाठणे म्हणजे वाचणे नव्हे, हे बटण तयार करणाऱ्यालाही ठाऊक असते.

२. पत

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत: उधार मिळण्याची योग्यता आणि अब्रू. हे दोन अर्थ वेगळे काढता येत नसत, कारण दोन्हींचा न्याय करणारी माणसे तीच होती. सावकाराला पीकपाणी ठाऊक, मुलीचे लग्न ठाऊक, धाकट्या भावाशी भांडण आहे हेही ठाऊक. बँक आली तेव्हा तिने या ओळखीच्या जागी कागद मागितले: सातबारा, पगाराचा दाखला, दोन जामीनदार. ज्यांच्याकडे हे नव्हते त्यांची बँकेत पत नव्हती, मग बाजारात कितीही असो.

वित्त-तंत्रज्ञानाची खरी करामत इथे आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले. पानवाला, भाजीवाला, इस्त्रीवाला यांच्या रोजच्या विक्रीची नोंद प्रथमच आपोआप होऊ लागली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्याची विवरणपत्रे ही लहान व्यापाऱ्याची दुसरी खतावणी झाली. सप्टेंबर २०२१ पासून 'अकाउंट ॲग्रिगेटर' ही व्यवस्था बँकांसह प्रत्यक्ष चालू झाली. ग्राहकाच्या संमतीने त्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोचवायची आणि स्वतः ती पाहायची नाही, असे तिचे काम. नोव्हेंबर २०२२ मध्ये वस्तू व सेवा कराची माहितीही रिझर्व्ह बँकेने या व्यवस्थेत आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'युनिफाइड लेंडिंग इंटरफेस' असे नाव मिळालेल्या प्रयोगात किसान क्रेडिट कार्डाची कर्जे आणि दूध उत्पादकांची कर्जे याच मार्गाने, राज्यांच्या जमीन-नोंदींसारख्या माहितीच्या जोडणीसह, देण्याची सुरुवात झाली. तारण नसेल तर रोजची उलाढाल हाच पुरावा, हे तत्त्व यातून रुजले.

माझ्या ओळखीतल्या शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या नावावर घर नाही, जमीन नाही. त्यांना जामीनदार मिळेना. दुकानातल्या क्यूआर कोडच्या नोंदींवर त्यांना दोन दिवसांत कर्ज मिळाले आणि त्यातून दुसरे यंत्र आले. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या 'पीएम स्वनिधी' योजनेने फेरीवाल्यांना आधी दहा हजारांचे, ते फेडल्यावर वीस आणि मग पन्नास हजारांचे खेळते भांडवल विनातारण दिले. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सूट आणि डिजिटल व्यवहारांना उत्तेजन. हातगाडीवाल्याला संस्थात्मक कर्जाच्या वहीत नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही. जुनी व्यवस्था माणुसकीची होती आणि नवी यांत्रिक आहे, असे रडगाणे गाणाऱ्यांनी जामीनदार शोधत फिरलेल्या बाईला एकदा विचारून पाहावे.

मात्र पतीचा न्याय आता कोण करतो आणि कुठल्या मजकुरावर करतो, हे पाहिले पाहिजे. करारात कर्जदाराच्या तोंडी उसना 'मी' असतो. त्याशिवाय त्याच्याविषयी एक दुसरा मजकूर लिहिला जात असतो, त्यात तो तृतीयपुरुषी असतो. ३०० ते ९०० या दरम्यानचा पतगुण हा त्या मजकुराचा सारांश. जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांनी पतमाहिती कंपन्यांना ही नोंद महिन्याऐवजी दर पंधरा दिवसांनी कळवावी लागू लागली. वर्षातून एकदा आपला पतअहवाल फुकट मागवता येतो, तो कुणी पाहिला तर सूचना मिळते, आणि चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. हे हक्क चांगले आहेत. पण अहवाल म्हणजे केवळ नोंदी. त्या नोंदींना किती वजन दिले, क्यूआरच्या व्यवहारांतून काय अनुमान काढले, हे कर्जदाराला दिसत नाही. 'सध्या आपण पात्र नाही' एवढे एक वाक्य त्याच्या वाट्याला येते. सावकाराशी ओट्यावर बसून वाद घालता येत असे; 'औंदा कांद्याने मारले, पुढल्या साली बघा' असे सांगता येत असे. या वाक्याशी बोलता येत नाही.

होकाराचे वाक्यही नकाराइतकेच विचार करण्यासारखे आहे. 'अभिनंदन! तुमचे दोन लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे.' मागितले नसताना. जुन्या मराठीत कर्ज काढतात, ते डोक्यावर होते, त्यात माणूस बुडतो आणि शेवटी ते फिटते. सगळी क्रियापदे भाराची आणि सुटकेची. घेण्याआधी माणूस 'नडलेला' असतो. नव्या भाषेत नड हा शब्दच नाही. कर्ज ही 'ऑफर' आहे, ती 'अनलॉक' होते. उधारी हा शब्द जाऊन 'आत्ता घ्या, नंतर द्या' आले, जणू देणे हा खरेदीचा एक उशिरा येणारा भाग आहे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेतर कंपन्यांना त्यांची पाकिटे आणि प्रीपेड कार्डे कर्जाच्या रकमेने भरण्यास मनाई केली. तेव्हा आपण वापरत होतो ते कार्ड म्हणजे कर्ज होते, हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

३. रोजचा हप्ता

छोट्या व्यापाऱ्यांसाठी या नव्या व्यवस्थेने घडवलेला सर्वांत वेगळा प्रकार म्हणजे रोजच्या हप्त्याचे कर्ज. क्यूआर कोडवर दिवसभर जमलेली रक्कम दुकानदाराच्या खात्यात जाण्यापूर्वीच तीतून हप्ता वळता होतो.

मराठी वाचकाला रोजची वसुली नवी नाही. आपल्या बाजारपेठांत पिग्मीचा एजंट पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दोन आण्यांच्या दैनंदिन ठेवीची ही पद्धत सुरू केली आणि आपल्या पतसंस्थांनी ती उचलली. दोन्हींत रोज थोडे पैसे जातात. पिग्मीत ते आपल्या पुस्तकात जमा होतात आणि एजंट समोर उभा असतो. 'आज धंदा नाही, उद्या ये' असे म्हणता येते. नव्या प्रकारात पैसे ऋणातून वजा होतात आणि पैसे आधी कापून उरलेले हाती येतात. हप्ता द्यायची आठवण ठेवावी लागत नाही, ही दुकानदाराची सोय. हप्ता किती जड आहे हेही आठवत नाही, ही त्याच सोयीची दुसरी बाजू.

हिशेब मांडून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, आकडेमोड खरी आहे. एक लाखाचे कर्ज. १८० दिवस रोज ६२० रुपये. एकूण परतफेड १,११,६००. दुकानदाराला सांगितले जाते, 'सहा महिन्यांत फक्त ११,६०० व्याज, महिन्याला दोन टक्क्यांच्या आत.' बाजारात दोन टक्के हा सवयीचा आकडा. तो मान डोलावतो. पण लाख रुपये सहा महिने त्याच्याकडे राहत नाहीत. पहिल्याच दिवसापासून मुद्दल परत जाऊ लागते, आणि सरासरीने पाहिले तर जेमतेम अर्धी रक्कम त्याच्या वापरात असते. घटत्या मुद्दलावर दर काढला तर तो वर्षाला सुमारे ४५ टक्के होतो. त्यात दोन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे २,३६० रुपये, आधीच कापले तर हातात ९७,६४० पडतात आणि दर सुमारे ५५ टक्क्यांवर जातो.

यात कुठेही खोटे बोललेले नाही. ११,६०० हा आकडा खरा, दोन टक्क्यांच्या आत हेही खरे. फक्त 'व्याज' हा शब्द दोघे दोन अर्थांनी वापरत आहेत. जुन्या रोख्यात सावकार आधी व्याज कापून घेई आणि पूर्ण रक्कम लिहवून घेई, त्याला आपण लबाडी म्हणत होतो. आता कापलेल्या रकमेला 'प्रक्रिया शुल्क' हे नाव आहे, पावती आहे, तिच्यावर कर भरलेला आहे.

४. तगादा

वसुलीच्या इतिहासात मराठी मुलुखाची स्वतःची परंपरा आहे. देणेकऱ्याच्या दारात धरणे धरून बसणे ही धनकोची जुनी रीत. आज आंदोलक सरकारच्या दारात धरणे धरतात, तो शब्द मुळात तगाद्याचा. लोकलज्जा हे वसुलीचे हत्यार होते. आणि ते दोन्हीकडून चालत असे. दंग्यांच्या काही महिने आधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावात लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, घरगडी यांनी त्यांचे काम सोडले. गाव एकत्र झाले की अब्रूचे हत्यार सावकारावरही उलटत असे.

डिसेंबर २०२० च्या सुमारास तेलंगणात कर्जॲपांच्या छळामुळे आत्महत्या झाल्या आणि पोलिसांनी धरपकड केली, तेव्हा या हत्याराचे नवे रूप देशापुढे आले. ॲप घेताना फोनमधली नावांची यादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली जात होती. हप्ता चुकला की यादीतल्या सगळ्यांना निरोप जात: हा माणूस बुडवा आहे. बाईच्या छायाचित्राची विटंबना करून ते नातेवाइकांत फिरवले जाई. करड्यात गाव सावकाराविरुद्ध उभे राहिले होते. इथे कर्जदाराचे 'गाव' म्हणजे त्याच्या फोनमधली यादी, आणि ती त्याने 'मी परवानगी देतो' म्हणून आधीच धनकोच्या हवाली केलेली होती.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत ८१ ॲप-भांडारांत भारतीयांसाठी सुमारे ११०० कर्जॲपे त्यांना आढळली, आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी फोनमधली छायाचित्रे, नावांची यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्याची बंदी केली, कर्जाची रक्कम मधल्या कुणाच्या खात्यात न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे असे सांगितले. हे नियम पाळणाऱ्या संस्थांपुरते तगाद्याचे ते रूप संपले. बेकायदा ॲपे नाव बदलून येत राहतात. तो प्रश्न पोलिसांचा जास्त आणि या लेखाचा कमी.

५. कायद्याने मागितलेली भाषा

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याच्या तरतुदी आज वाचताना आश्चर्य वाटते. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे, त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि मजकूर समजावून सांगितला जावा. पैसे भरले की पावती मिळावी. वर्षाचा हिशेब मिळावा. मागितल्यास हिशेबाचे पासबुक मिळावे. आणि सर्वांत धाडसी तरतूद म्हणजे, रोख्यावर लिहिलेल्या आकड्यापाशी न थांबता न्यायालयाने व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढावे. म्हणजे कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या प्रथमपुरुषी 'मी'वर विश्वास ठेवू नकोस असे सांगितले. सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणाचा व्यवहार खरेदीखत म्हणून लिहवून घेऊ लागले. पुढे कायद्याला त्याही रूपाच्या मागे जाऊन पाहण्याची सोय करावी लागली.

याच्याबरोबर आजचे नियम ठेवून पाहा. २०२२ च्या सूचनांनी डिजिटल कर्जासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक केले. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर एकाच आकड्यात सांगायचा. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने हे किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांना सर्वत्र लागू केले. विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी. आणि त्यात नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीविना लावू नये. सात दिवसांहून कमी मुदतीची कर्जे वगळता त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहाव्यात. ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने थकबाकीवरच्या दंडाचे व्याजात रूपांतर करून तो मुद्दलात चढवणे थांबवले. ८ मे २०२५ च्या निर्देशांनी अनेक संस्थांची कर्जे दाखवणाऱ्या मंचांना फसव्या मांडणीने एखादेच कर्ज पुढे रेटण्यास मनाई केली. मात्र याच निर्देशांत कर्ज घेतल्यावर दंडाविना परत करण्याची किमान मुदत, जी सात दिवस वा अधिकच्या कर्जांसाठी आधी तीन दिवस होती, ती एक दिवसावर आली.

दोन कायद्यांत एक मोठा फरक आहे. १८७९ चा कायदा न्यायाधीशाला हिशेब उलगडायला सांगत होता. मुंबई इलाख्यातली न्यायालये दामदुप्पटीचा जुना संकेतही मानत: एका वेळी वसूल होणारे थकीत व्याज मुद्दलाहून जास्त नसावे. आज रिझर्व्ह बँकेने या कर्जांना व्याजाची कमाल मर्यादा घातलेली नाही. राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँकेतर वित्तसंस्थांना लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे सगळी भिस्त दर उघड करण्यावर आहे. आकडा सांगा, भाषा समजेल अशी ठेवा, मग कर्जदाराने ठरवावे. जिथे वाचणे हेच संरक्षण आहे, तिथे न वाचता येणारा मजकूर ही शैलीची उणीव राहत नाही. ते संरक्षणच नसणे होते.

आणि माझ्या पाहण्यात आलेली मराठी विवरणे वाचता येत नाहीत. 'वितरित ऋण रकमेची पुनर्देयता', 'आकस्मिक आकार', 'ऋण सेवा प्रदात्याद्वारे आकारणीयोग्य शुल्क'. काही ठिकाणी हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावलेले दिसतात. वार्षिक दराचा आकडा असतो, पण महिन्याला दोन टक्के सांगितले असताना तो पंचावन्न कसा, याचा एका ओळीचा खुलासा नसतो. शेवटी चौकोन: 'वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे.' समजावणारा कोण, कधी, कुठे? पुन्हा तोच उसना 'मी', आता स्वतःच्या समजुतीचीही साक्ष देणारा.

६. एक नमुना

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा. वरच्याच काल्पनिक कर्जाचे विवरण मी असे लिहीन:

'तुम्ही एक लाख रुपये कर्ज घेत आहात. त्यातून आमची फी आणि कर मिळून २,३६० रुपये आम्ही आधीच कापू. तुमच्या खात्यात ९७,६४० रुपये येतील. मग १८० दिवस रोज ६२० रुपये तुमच्या विक्रीतून आम्ही घेऊ. तुमच्याकडून एकूण १,११,६०० रुपये जातील. म्हणजे हातात पडले त्यापेक्षा १३,९६० रुपये जास्त. तुम्ही रोज मुद्दल फेडत असल्यामुळे पूर्ण रक्कम तुमच्याकडे सहा महिने राहत नाही. हे धरून वर्षाचा दर सुमारे ५५ टक्के पडतो. दुसऱ्या कर्जाशी तुलना करताना हाच आकडा धरा. विचार बदलला तर उद्यापर्यंत मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज देऊन मोकळे होता येईल. फी परत मिळेलच असे नाही. विक्री नसेल त्या दिवशी काय होईल आणि तक्रार कुणाकडे करायची, ते खाली लिहिले आहे.'

हे सगळे बारा वाक्यांत बसते. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. उलट आजच्या तंत्रज्ञानाला हा मजकूर अहिराणीत किंवा मालवणीत वाचून दाखवणेही अवघड नाही. या नमुन्यात 'मी' नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बोलणारी 'आम्ही' म्हणजे कर्ज देणारी संस्था आहे, आणि ती समोरच्याला 'तुम्ही' म्हणते आहे. कर्जदाराने 'मी' म्हणावे ते हे ऐकून झाल्यावर, प्रश्न विचारून झाल्यावर.

गावच्या निबंधकाची जागा आज कुणी घेऊ शकेल का, हाही प्रश्न आहे. ग्रामपंचायतीतले सेवा केंद्र, सार्वजनिक वाचनालय, महिला बचतगटाची बैठक, व्यापारी संघाचे कार्यालय: जिथे चार माणसे बसतात आणि एकाला तरी हिशेब येतो, अशी कुठलीही जागा चालेल. आपल्याकडे वाचनालये आहेत, आणि बहुतेकांत संध्याकाळी दोन तास वर्तमानपत्रांखेरीज काही वाचले जात नाही. दर आठवड्याला एक संध्याकाळ कर्जाचा करार मोठ्याने वाचण्यासाठी ठेवता येईल. मराठी साहित्यव्यवहाराला हे आपले काम वाटत नाही, कारण त्या मजकुराला आपण गद्य मानत नाही. पण ज्या गद्यावर माणसे रोज आपल्या पुढच्या सहा महिन्यांच्या कमाईची सही करतात, त्याची भाषा तपासणे हे समीक्षेचे काम नसेल, तर ते कुणाचे?